पॅनेलवर तीन मोठे आणि चाकणची एक

ताई,
चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं लीगल बघते. विभाग म्हणजे मी आणि एक ज्युनियर. दोन वर्षांपूर्वी कंपनीचे शेअर बाजारात आले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत इन-हाउस, म्हणजे कंपन्यांच्या पगारावरच्या, वकिलांची परिषद आहे आणि तिथल्या एका पॅनेलवर मला बोलावलंय. विषय, ‘इन-हाउस वकील : व्यवसायाचा भागीदार’. सोबत एका मोठ्या बँकेचे जनरल काउन्सेल, एका औषध कंपनीच्या लीगल हेड, एका ॲपवाल्या कंपनीचे असेच कोणी बडे, आणि सूत्रसंचालनाला एका लॉ फर्मचे पार्टनर. सत्र दुपारी पावणेतीनला, पंचेचाळीस मिनिटांचं.
माझी बारावी मराठी माध्यमातून, लॉ सांगलीत. इंग्रजी मेल मी झोपेतही लिहीन, पण माइक हातात आला की ततपप होतं. आणि सांगू तरी काय? आमच्याकडे ना विलीनीकरणं, ना परदेशी खटले. त्यातल्या त्यात मोठं काम म्हणजे छोट्या व्हेंडरांची बिलं पंचेचाळीस दिवसांत निघावीत म्हणून दोन वर्षं स्टोअर आणि अकाउंट्सच्या मागे लागले, ते. एका बड्या ग्राहकाबरोबर लवाद चालू आहे, ती गोष्ट मात्र रंगतदार आहे. नाव न घेता सांगू का?
आयोजकांनी माझ्या नावापुढे ‘ॲड.’ छापलंय. कालच्या मेलमध्ये चाळीस हजार अधिक जीएसटी भरले तर एक पुरस्कारही देतो असं कळवलंय. साहेब म्हणाले, ‘जाऊन या.’ परतीचं डेक्कन क्वीनचं तिकीट काढलंय, आणि रोज रात्री वाटतं, नको म्हणून कळवून टाकावं.
– लीगल मॅनेजर, चाकण


नको म्हणून कळवू नका. पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ज्याला ‘त्यातल्या त्यात मोठं’ म्हणून एका ओळीत उरकलंत, ते त्या दिवशीच्या सगळ्या पॅनेलांवर दुसऱ्या कोणाकडे असण्याची शक्यता कमी. आणि ज्याला रंगतदार म्हणता ती गोष्ट घरीच ठेवा. त्याचं कारण पुढे सांगते.

आधी तुम्हाला का बोलावलं ते बघू. मी तीसेक वर्षं कंपन्यांमध्ये लीगल केलं, अशा पॅनेलांवर बसले, दोनदा पॅनेल जुळवायलाही मदत केली. पॅनेल कसं जुळतं? बँकवाला हवा, औषधवाली हवी, तंत्रज्ञानवाला हवा, मग कोणीतरी म्हणतं, ‘अरे, मॅन्युफॅक्चरिंगचं कोणी नाही. आणि बायका कमी दिसतायत.’ तिथे तुमचं नाव आलं असेल. वाईट वाटून घेऊ नका. खुर्ची भरायला बोलावलं असलं तरी माइक चालू असतो.

आता समोर कोण बसतं ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दोन रांगांत वक्ते आणि प्रायोजक. त्यांच्यामागे इचलकरंजीची सूतगिरणी, नाशिकची स्विचगिअर कंपनी, तारापूरचा केमिकल प्लांट, असे लोक. कुठे दोन जणांचा लीगल विभाग, कुठे एकट्या कंपनी सेक्रेटरीच्या गळ्यात लीगलही. बँकेचे काउन्सेल दोनशे वकिलांची टीम कशी चालवतात हे ते कौतुकाने ऐकतात आणि मग फोन बघतात, कारण सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्या दोनशेचं करायचं काय? तुम्ही बोलायला लागलात की ते फोन खाली ठेवतील. पावणेतीनला, जेवणानंतर, हे काही थोडं नाही.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब आत्ताच करून टाका. पार्टनरसाहेबांचं प्रास्ताविक आणि सगळ्यांच्या ओळखी यात सात-आठ मिनिटं जातात. शेवटची आठ-दहा प्रश्नोत्तरांची. उरलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत तुम्ही चौघं, मध्येमध्ये सूत्रसंचालक. म्हणजे तुमच्या वाट्याला साडेतीन-चार मिनिटांच्या दोन पाळ्या आल्या तरी डोक्यावरून पाणी. तासाभराच्या व्याख्यानाची भीती काढून टाका. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, दोन हप्त्यांत.

गोष्ट व्हेंडरांची. मात्र ती कायद्यापासून सुरू करू नका. समोर सगळे वकीलच आहेत. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा आहे, कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. हे त्यांना पाठ आहे. त्यांना पाठ नाही ते हे, की पंचेचाळीस दिवस मोजायला सुरुवात नेमकी कुठल्या टेबलावर होते.

तुम्हाला ते ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही ‘स्टोअरच्या मागे लागले’ असं लिहिलं नसतं, ‘अकाउंट्सच्या मागे’ एवढंच लिहिलं असतं. बहुतेक कंपन्यांत घड्याळ अकाउंट्समध्ये सुरू होतं, बिल सिस्टिममध्ये बुक झालं त्या दिवशी. कायद्याचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी, माल गेटातून आत आला त्या दिवशी सुरू झालेलं असतं. मालाबद्दल तक्रार असेल तर ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवायला हवी. तशी कळवली तर पुरवठादार ती दूर करेल त्या दिवसापासून मोजणी. कळवलीच नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. आणि आपल्याकडे क्यूसीचा, म्हणजे मालाची तपासणी करणारा, माणूस काय करतो? ‘बोअर दोन थाऊ मोठा आहे हो, बघा जरा’ असं, म्हणजे भोक केसभर मोठं आहे असं, व्हेंडरला फोनवर सांगतो, क्रेट लाल पट्टीच्या पलीकडे सरकवून ठेवतो, आणि महिनाभराने तोच माल ‘चालवून घेऊ’ म्हणत लाइनवर चढतो. लेखी काही नाही. तुमच्या सिस्टिममध्ये बिल वीस दिवसांचं, कायद्याने ते पन्नास दिवसांचं.

हे टेबल तुम्ही कसं शोधलंत, त्या स्टोअरवाल्याला काय म्हणालात, तो पहिल्यांदा काय म्हणाला, रिजेक्शनची चिठ्ठी लेखी द्यायला क्यूसीने किती दिवस नकार दिला, हे सांगा. माझी खात्री आहे की तो पहिल्यांदा म्हणाला असेल, ‘मॅडम, पंधरा वर्षं असंच चालतंय.’ ते वाक्य तसंच मराठीत सांगा. मुंबईत, कंपन्यांच्या वकिलांनी भरलेल्या हॉलमध्ये, ते कळणार नाही असा माणूस शोधावा लागेल.

दुसरी पाळी प्राप्तिकराची. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ‘दोन वर्षं’ म्हणता त्यावरून मी अंदाज बांधते. २०२३ च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून लागू झालं. मुदतीत न दिलेली छोट्या पुरवठादारांची रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरायची नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरायची. चक्रवाढ व्याजाचं कलम २००६ पासून पुस्तकात होतं आणि फायनान्सवाले तुम्हाला ‘कोण व्हेंडर आपल्यावर व्याजाचा दावा लावणार आहे, धंदा नको का त्याला?’ असं म्हणत होते. खरंच होतं ते. मागायला कोणी येत नव्हतं. कर मात्र न मागता बसतो. त्या मार्चमध्ये हेच लोक यादी घेऊन तुमच्या केबिनबाहेर उभे राहिले असतील.

हा तुमच्या पॅनेलच्या विषयाचा गाभा आहे. ‘व्यवसायाचा भागीदार’ हे शब्द त्या दिवशी निदान वीस वेळा ऐकू येतील आणि कोणी त्यांचा अर्थ सांगणार नाही. तुम्ही सांगू शकता: अठरा वर्षं जे कलम कोणी ऐकत नव्हतं ते फायनान्सच्या भाषेत आलं तेव्हा चाललं, आणि ते चालेल अशी तयारी स्टोअरच्या टेबलावर आधीच करून ठेवणारी व्यक्ती लीगलमधली होती. कौतुक स्वतःचं करू नका, स्टोअरवाल्याचं करा. ऐकायला बरं वाटतं आणि शिवाय बऱ्यापैकी खरं असतं.

जिथे चुकलात तेही एक सांगा. एखादा व्हेंडर सूक्ष्म-लघु आहे असं धरलं आणि निघाला मध्यम, किंवा उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र कधी मागितलंच नव्हतं, असं काही घडलंच असेल. बाकीचे तिघं चूक सांगणार नाहीत, कारण त्यांची भाषणं कंपनीच्या कम्युनिकेशन विभागातून धुऊन येतात.

आता लवाद. नाही. नाव न घेताही नाही. लवाद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४२ए आलं. लवादाच्या कामकाजाची गुप्तता पक्षकारांनीही पाळायची आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. तुमच्या ओळखीत कंपनी छापलेली आहे, तुमचे बडे ग्राहक किती हे चाकणमध्ये चहाच्या टपरीवाल्यालाही माहीत आहे. नाव झाकलं तरी नंबरप्लेट दिसतेच.

मी एकदा हे करून बसले आहे. एका पॅनेलवर, टाळ्यांच्या भरात, म्हणाले, ‘त्या करारावर सही करण्याआधीच आम्ही मॅनेजमेंटला सावध केलं होतं.’ कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. समोरच्या पक्षाच्या वकिलांच्या ऑफिसातला एक मुलगा चौथ्या रांगेत होता. दीड महिन्याने आमच्या नोटिशीला उत्तर आलं, त्यात लिहिलेलं की करारातल्या अमुक धोक्याची आपल्याला पूर्वकल्पना होती असं आपल्या विधी अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. माझ्या साहेबांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हल्ली तर जास्तच जपायला हवं. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, तपास यंत्रणा वकिलांना समन्स पाठवतात त्या स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, इन-हाउस वकिलांबद्दलही स्पष्ट सांगितलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला जे संरक्षण आहे, ते पगारी इन-हाउस वकिलाला नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा ॲडव्होकेट नाही. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी तुम्ही जे बोलता त्याला कलम १३४ खाली संरक्षण मिळू शकतं. पण कंपनी आणि तुम्ही यांच्यातल्या बोलण्यासाठी ते मागता येत नाही. म्हणजे तुम्ही साहेबांना लिहिलेला मेल आधीच उघड्यावर आहे, त्यात मंचावर त्याची आठवण काढायची, हे कशाला? ‘मी सांगितलं होतं’ या अर्थाचं कुठलंही वाक्य त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. व्हेंडरांच्या गोष्टीतसुद्धा नाही. ‘पूर्वी आमच्याकडे अशी पद्धत होती, आता अशी आहे’ इतकंच, आणि जुनी थकबाकी किती होती, व्याज किती झालं असतं याचा एकही आकडा नाही.

याच अनुषंगाने, तुमची ‘ॲड.’ची शंका. ते काढायला सांगा, आजच. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की राज्य बार काउन्सिलला तसं कळवायचं आणि नोकरी आहे तोवर वकिली बंद ठेवायची. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही कळवलं असेल अशी आशा आहे. कळवलं नसेल तर परिषदेचं नंतर बघू, आधी ते निस्तरा. शंभर वकिलांच्या हॉलमध्ये एक तरी खोडसाळ निघतो, आणि तो विचारतो तेव्हा हसत विचारतो. नाव, ‘बी.ए., एलएल.बी.’, हुद्दा, पुरे.

परिषद एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि कंपनी बाजारात नोंदलेली आहे, हे तुम्ही दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलंत, मी ते एकत्र वाचलं. मार्चअखेरीपासून निकाल जाहीर झाल्यानंतर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत तुमच्याकडे ट्रेडिंग विंडो बंद असणार, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीचे शेअर घ्यायला-विकायला मनाई. निकाल बहुधा मे महिन्यात. म्हणजे तुम्ही मंचावर असाल तेव्हा वर्षाचे आकडे आत कुठेतरी तयार होत आहेत आणि बाहेर कोणाला माहीत नाहीत. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनी भाव हलवू शकेल अशी अप्रकाशित माहिती सांगायला बंदी आहे, आणि ती माहिती काही फाइलमधूनच फुटते असं नाही. ‘यंदा वाढ जोरात होती म्हणून व्हेंडर दुप्पट झाले’ एवढं बोललात की झालं. चहाच्या वेळी बोललात तरीही. साहेबांचं ‘जाऊन या’ तोंडी आहे ना? बोलण्याचे चार मुद्दे मेलवर पाठवून त्यांचा आणि कंपनी सेक्रेटरींचा लेखी होकार घ्या.

आयोजक म्हणतील, काळजी नको, इथे चॅटहॅम हाउस नियम आहे, इथलं इथेच राहतं. हा गैरसमज वकिलांमध्येही इतका आहे की नवल वाटतं. लंडनच्या त्या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम असा की ऐकलेली माहिती खुशाल वापरा, फक्त ती कोणी सांगितली ते सांगू नका. इथलं इथे राहण्याची हमी त्यात कुठेच नाही.

चाळीस हजारांचा पुरस्कार: नको. कंपनीच्या पैशानेही नको. विकत घेतलेली ट्रॉफी केबिनमध्ये ठेवली की येणारा प्रत्येक बाहेरचा वकील ती ओळखतो, कारण त्यालाही तोच मेल आलेला असतो.

सूत्रसंचालक पार्टनरसाहेबांना मात्र आठवडाभर आधी फोन करा. वकिलाला जाहिरात करायला बार काउन्सिलच्या नियम ३६ ने मनाई आहे, त्यामुळे लॉ फर्मना कंपन्यांचे लोक भेटायला अशा परिषदा सोयीच्या पडतात. यात पाप काही नाही, तुमच्या जेवणाचं बिल त्यातूनच निघतं. पण त्यांचे प्रश्न साहजिकच त्यांच्या फर्मच्या कामाकडे झुकतील, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्या वाट्याला ‘महिला म्हणून तुमचा प्रवास कसा होता?’ हा प्रश्न येईल. फोनवर सरळ सांगा: मला व्हेंडर पेमेंटबद्दल विचारा, स्टोअरच्या टेबलावर काय सापडलं असं विचारा. त्यांनाही सुटल्यासारखं होईल. चार जणांना काय विचारायचं हा त्यांच्याही डोक्याला ताप असतो. तरी प्रवासाचा प्रश्न आलाच, तर चाकण ते मुंबई प्रवास खड्ड्यांतून झाला म्हणा आणि स्टोअरकडे वळा.

इंग्रजीचं शेवटी ठेवलं, कारण तुम्हाला ते सगळ्यात मोठं वाटतंय आणि मला नाही. ततपप होतं ते इंग्रजीमुळे कमी आणि मेलच्या इंग्रजीत बोलायला गेल्यामुळे जास्त. मेलमध्ये आपण तीन ओळींची वाक्यं लिहितो, ‘विदाउट प्रेज्युडिस’ आणि ‘हिअरइनआफ्टर’ घालून. तसं वाक्य बोलताना मध्येच तुटतं, मग पुन्हा जोडता येत नाही. गोष्ट आधी मराठीत सांगून बघा, आरशासमोर नको, त्या स्टोअरवाल्याला सांगा. तो जिथे ‘नाही मॅडम, तसं नव्हतं झालं’ म्हणेल तिथे दुरुस्त करा, जिथे त्याला कंटाळा येईल ते काढून टाका. मग तेवढंच, तितक्याच छोट्या वाक्यांत, इंग्रजीत. फक्त पहिली दोन वाक्यं पाठ करा. बाकी पाठ केलंत तर एक शब्द निसटला की सगळी माळ घरंगळेल. हातात कार्ड ठेवायचं तर त्यावर वाक्यं नकोत, चार शब्द पुरेत: गेट, चिठ्ठी, पंधरा दिवस, मार्च.

सांगलीचा उच्चार राहू द्या. बँकेच्या साहेबांचाही कुठल्यातरी गावचा आहेच, नीट ऐका, तिसऱ्या वाक्याला कळेल.

आणि डेक्कन क्वीनचं तिकीट रद्द करा. ती पाच दहाला सुटते. पावणेतीनचं सत्र तीनला सुरू होणार आणि पावणेचारला संपणार, पण तुमचं काम त्यानंतर आहे. चहाच्या टेबलाशी ती इचलकरंजीची, नाशिकची, तारापूरची मंडळी तुम्हाला गाठतील आणि सगळे एकच विचारतील: ती रिजेक्शनची चिठ्ठी दिसते कशी? कंपनीचा फॉर्म देऊ नका. कंपनीचं नाव नसलेला एक कोरा नमुना करा, तोही त्या मंजुरीच्या मेलला जोडा, आणि पंधरा-वीस प्रती सोबत न्या. रात्रीची बस मिळते.